कडुबा नावाची सिस्टिम

मधुसूदनराव लासूरकरांनी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली पहिली तेवीस वर्षं नुसत्या रेघा काढल्या. हा टोमणा नव्हे, ते स्वतःच असं सांगायचे आणि वर मिशीत हसायचे. त्यांचं पद ट्रेसर. इंजिनियर साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर खळ दिलेलं पातळ, निळसर कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची. धरण साहेबांचं, कालवा साहेबांचा, चूक निघाली तर तेवढी ट्रेसरची. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे. सर्वेक्षण कोणी केलं, नकाशा कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला, अशी सगळी ठसठशीत नावं, आणि तळाशी भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत ‘ट्रेसर : म. ल.’ तरीही गडी खूश होता. टाकाखालून सुटणारी ओली काळी रेघ बघताना त्यांना डबा खायची आठवण राहत नसे.

मग कचेरीत संगणक आले. माउसनं रेघ काढायची म्हणजे लाटण्यानं कुंकू लावायचं, असं मधुसूदनराव एकदा सगळ्यांसमोर बोलून गेले. पुढच्याच महिन्यात त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवण्यात आलं. उरलेली तेरा वर्षं त्यांनी टपालावर शिक्के मारले. तेही सरळ रेषेत मारले. निवृत्त झाल्यावर ते शहराच्या कडेच्या सातारा परिसरातल्या एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. ज्या भागात त्यांनी एके काळी ज्वारीची रानं आणि ओढे काढले होते, तिथं आता फ्लॅटच्या रांगा उभ्या होत्या आणि रांगांसमोर टँकर.

ही गोष्ट दोन हजार तेराची. दुष्काळाचं साल. शिमगा होऊन दोन-चार दिवस झाले असतील, दारात एक पागोटेवाला माणूस येऊन उभा राहिला.

“साहेब, वळखलं का? बद्रीनाथ. चौऱ्याऐंशी साली तुमची मोजनीची साखळी वढली म्या. खडकझरीला.”

सगळ्या जगात मधुसूदनरावांना ‘साहेब’ म्हणणारा हा एकच माणूस. त्यांनी तेव्हाही त्याची चूक दुरुस्त केली नव्हती आणि आताही केली नाही. खडकझरी म्हणजे कन्नडच्या अलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथला नाला मोजायला निघालेले सर्व्हेअर तापानं फणफणले, म्हणून ट्रेसरच्याच गळ्यात दुर्बीण आणि फील्डबुक पडलं. मधुसूदनरावांनी आयुष्यात एकच नाला स्वतः मोजला, स्वतः काढला, स्वतःच ट्रेस केला. तो हा.

“पान्याचा टिपूस नाय गावात,” पाणी पिऊन पेला उपडा ठेवत बद्रीनाथ सांगू लागला. “एका संस्थेनं पोकलेन देऊ केलंय. फकस्त आठ दिस. नाला उकरून पानी आडवायचं. पर नाला हाय कुठं? तीस वर्सात गाळानं भरला, लोकायनी नांगरून त्याचं रान केलं. आता जो तो म्हनतो, नाला माह्याच बांधाजवळून जात व्हता. एक मेच्या ग्रामसभेत ठरायचंय. चुकीच्या जागी उकरलं का आठ दिस गेले खडकात. तुमचा नकाशा तेवढा द्या, साहेब.”

मधुसूदनराव जरा घुटमळले. कचेरीतली प्रत इमारत बदलताना कुठं गेली ते देव जाणे. स्वतःजवळची प्रत होती. “नकाशा आहे घरात,” ते म्हणाले, “पण त्याचं झबलं झालंय.”

बद्रीनाथला वाटलं, म्हातारपणी साहेबांचं डोकं फिरलं. स्वयंपाकघरातून दमयंतीबाई पदर तोंडाला लावून बाहेर आल्या आणि हसत हसत त्यांनीच खुलासा केला. ट्रेसरांच्या घरांची ती रीतच होती. बाद झालेलं ट्रेसिंगचं कापड घरी आणायचं, कढत पाण्यात भिजत घालायचं. खळ जाते, खळीबरोबर शाई जाते, आणि खाली राहतं ते इतकं मऊ सुती कापड की बाळंतविड्यासाठी बायका त्यावर टपून असायच्या. पंच्याऐंशी साली दमयंतीबाईंचे दिवस भरत आले होते. त्यांनी पेटीतून दोन कापडं काढली, एक बाद झालेलं आणि एक बाद न झालेलं. खडकझरीचा नाला घंगाळात विरघळला आणि त्याचं लेकीच्या बारशाचं झबलं झालं. बारशाला ते कळल्यावर मधुसूदनराव दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वरदा ते झबलं घालून त्यांच्याकडे बघून हसली, आणि राग कुठल्या कुठं गेला.

“पण फील्डबुक आहे,” मधुसूदनराव एकदम उठून म्हणाले. “एकूण एक माप आहे त्यात. बद्रीनाथ, एक मेला नकाशा घेऊन मी स्वतः येतो.”

शब्द देऊन मोकळे झाले आणि मग फजिती सुरू झाली. दोन मोठे कागद आणले, दोन्ही वाया गेले. फील्डबुकातली बारीक अक्षरं दिसेनात, आणि त्याहून वाईट म्हणजे हात थरथरत होता. फार नाही, चहाच्या कपात तरंग उठावेत इतकाच. पण शाई खोडता येत नाही. शिवाय गावाला जुना नाला नुसता दाखवून भागणार नव्हतं. आज तो कोणत्या गटातून जातो, हे दिसायला आताचा नकाशा खाली आणि जुना वर हवा होता. गावाचं पाणी एकीकडे, पण आपला हात गेला की काय, या विचारानं मधुसूदनरावांना जेवण गोड लागेना.

हे स्वरदाच्या लक्षात आलं. ती चितेगावच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर इंजिनियर होती. तिथं तपासणीची टिपणं लिहायला पेनानं चालणारे टॅब्लेट वापरत. नवे आले तसे जुने कामगारांना वाटून टाकले, पण आतलं सगळं पुसून. त्यातला एक तिनं आणून बाबांच्या मांडीवर ठेवला. पाटीएवढी काच आणि बाजूला अडकवलेलं पेन.

“खाली आताचा गटांचा नकाशा ठेवायचा, आणि वर तुम्ही काढायचं. अक्षर बारीक वाटलं तर मोठं करा. चुकलं तर खोडा.”

“म्हणजे ट्रेसिंगच की!” मधुसूदनरावांनी पेन उचललं. काच काळीच राहिली.

“अजून ऑपरेटिंग सिस्टिम नाही बाबा त्यात. ती निवडायचीय. यंत्र म्हणजे कचेरी समजा, आणि सिस्टिम म्हणजे तिथला साहेब. पेन कसं चालेल, कुणाला आत घ्यायचं, कुणाला थांबवायचं, सगळं ती ठरवते. तीन आहेत माझ्याकडे. एकेक घालून बघू.”

मधुसूदनराव थोडा वेळ काचेत स्वतःचाच चेहरा बघत राहिले. “छत्तीस वर्षं साहेब मला निवडत आले,” ते म्हणाले. “आता साहेब मी निवडायचा? दमयंती, चहा टाका!”

पहिल्या रविवारी स्वरदानं कचेऱ्यांमधून सगळीकडे असते ती सिस्टिम घातली. मधुसूदनराव आंघोळ करून, शर्टाच्या बाह्या दुमडून बसले. लेक जरा आत वळली आणि त्यांनी कपाटातला पावडरचा डबा आणून काचेवर शिंपडला, तळव्यानं गोल गोल चोळला. ट्रेसिंगच्या कापडावर शाई धरावी म्हणून खडूची पूड चोळतात, तशी. मग पहिली रेघ ओढली आणि ती वाळावी म्हणून तिच्यावर हळूच फुंकर घातली. पावडरीचा लोट उठला. स्वरदा बाहेर आली तर बाबा शिंकत होते आणि काचेवर शिमगा झाला होता. मायलेकी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

त्या सिस्टिमचं नाव मधुसूदनरावांनी ‘डेप्युटी’ ठेवलं. त्यांचे एक डेप्युटी साहेब अगदी असेच होते. कागद हलवायचा? परवानगी. खोडायचं? नक्की खोडायचं का? रेघ ऐन रंगात आली की डेप्युटीला स्वतःचंच काहीतरी काम आठवायचं, आणि ‘थांबा’ अशी पाटी लावून तो वीस मिनिटं आत जाऊन बसायचा. आठवडाभरात नाल्याच्या फक्त चार साखळ्या उतरल्या.

पुढच्या रविवारी दुसरी आली, फोनमध्ये असते त्या जातीची. ही चटपटीत, गोड, रंगीबेरंगी. पेन टेकवायचा अवकाश, रेघ अशी सुटायची की दृष्ट लागावी. थरथर कुठं दिसेना. वाकडी रेघ काढा, ती सरळ करून देई; लंबुळका गोल काढा, त्याचा पोळपाट होई. मधुसूदनराव हरखले. हिचं नाव त्यांनी ‘गोडबोले’ ठेवलं. पंचाईत एकच होती. तेवीस वर्षांची सवय अशी की हात फिरवायचा नाही, कागद फिरवायचा. मधुसूदनरावांनी काच फिरवली की गोडबोले तत्परतेनं नकाशाही फिरवून पुन्हा सरळ उभा करी. यांनी उजवीकडे वळवावं, त्यानं परत ताठ व्हावं. एकदा तर ते काचेबरोबर स्वतःही गोल फिरून बसले, तेव्हा स्वरदानं ती फिराफिर बंद करून दिली. मग काम झपाट्यानं पुढं गेलं आणि आठवड्यात नाला पुरा झाला.

“झाला!” त्यांनी बायकोला काच दाखवली. डोंगरापासून गावापर्यंत नाला रेशमाच्या दोऱ्यासारखा वाहत होता.

दमयंतीबाईंनी चष्मा लावला. नवऱ्याच्या कामातलं त्यांना काही कळत नाही, असं सगळे समजत. त्या स्वतःही तसंच भासवत. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण ते काटकोनातलं वळण कुठं गेलं? जिथं दुर्बीण ठेवायला जागा मिळेना म्हणून तुम्ही मला पत्रात अर्धं पान लिहिलं होतं?”

मधुसूदनरावांनी फील्डबुक उघडलं. एकविसावी साखळी. काळा खडक आडवा, नाला डावीकडे काटकोनात, पुढे खोल डोह, वाळू. त्यांनी ते वळण बरोबर काढलं होतं. गोडबोलेनं ते हाताची थरथर समजून गुळगुळीत करून टाकलं होतं. आणि पाणी मुरून राहणार ते त्या डोहाच्या वाळूत; पोकलेनचे आठ दिवस त्यासाठी तर होते. एवढा देखणा नकाशा आणि नेमका तिथंच खोटा.

तिसरी सिस्टिम लिनक्स. ही जमवायला स्वरदाचा अर्धा रविवार गेला, कारण पेन इथं टेकवलं की रेघ दोन बोटं पलीकडे उमटे. काळ्या पडद्यावर ती ओळींमागून ओळी लिहीत होती आणि मधुसूदनराव शेजारी बसून बघत होते. त्यांना कचेरीतला कडुबा शिपाई आठवला आणि तेच तिचं नाव पडलं. पाणी आण म्हटलं तर पाणीच आणणार, पेला सांगायला विसरलात तर हातात घागर देणार. पण सांगितलेलं बिनचूक आणि न सांगितलेलं कधीच नाही. अखेर रेघ पेनाखाली आली. मधुसूदनरावांच्या सांगण्यावरून स्वरदानं बोटांचा स्पर्शही बंद करून टाकला, म्हणजे पूर्वीसारखा सगळा पंजा टेकवता येईल.

त्यांनी रेघ ओढली. कडुबानं ती होती तशी दाखवली. थरथरती, जागोजागी दातरे पडलेली.

“रद्दी आहे ही सिस्टिम,” मधुसूदनराव चिडून म्हणाले.

“नाचता येईना अंगण वाकडं,” आतून दमयंतीबाई बोलल्या.

मधुसूदनरावांना ठाऊक होतं की वाकडं काय आहे. सभेला दहा दिवस होते. गोडबोलेकडे परत जावं, वळण तेवढं कसंबसं बसवून घ्यावं आणि देखणा नकाशा घेऊन गावात मिरवावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याची त्यांना लाजही वाटली. तेवीस वर्षं साहेबांची चुकलेली रेघसुद्धा त्यांनी जशीच्या तशी उतरवली होती. ट्रेसर सुधारत नाही, उतरवतो, हे नव्या पोरांना तेच शिकवायचे.

दमयंतीबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात पिवळट पडलेलं एक झबलं होतं. “तुमच्या पंजाखाली कापड असायचं नेहमी. शाई फिसकटू नये म्हणून. या काचेला हात चिकटतोय तुमचा, म्हणून थरथर जास्त होतेय. हे घ्या. तुमच्याच कापडाचं आहे.”

“आई, माझं बारशाचं झबलं?”

“तुझं नंतर झालं. आधी खडकझरीचं होतं.”

मधुसूदनरावांनी झबल्याची घडी काचेवर ठेवली, तिच्यावर पंजा टेकवला आणि श्वास रोखून रेघ ओढली. कापड काचेवरून अलगद सरकलं, त्याबरोबर हात सरकला. रेघ पूर्वीसारखी नव्हती, पण स्थिर होती, आणि जिथं थोडी हलली तिथं ती त्यांचीच होती. त्यांचे डोळे भरून आले. “कडुबा,” ते म्हणाले, “तू पक्का.” पुढचे सात दिवस घरात त्यांचा आवाज आला तो फक्त गुणगुणण्याचा.

नकाशा मोठा छापायला ते गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. “चाचा, किसका बड्डे है? फोटो किधर है?” त्यानं विचारलं. “नाल्याचा आहे,” मधुसूदनराव म्हणाले, आणि पोरगं बुचकळ्यात पडून छापू लागलं.

एक मेला खडकझरीच्या मारुतीसमोर तो फ्लेक्स टांगला गेला. खाली आजचे गट, वर काळ्या रेघेत चौऱ्याऐंशीचा नाला. माणसं आपापलं रान शोधत बोटं फिरवू लागली आणि लगेच गलका झाला. एकजण ओरडला, “ह्ये वळन कसं काय? नाला तवा सरळ जात व्हता, माह्या विहिरीवरून!” दुसऱ्यानं री ओढली, “म्हातारं मानूस हाय. हात हालला आसंल.”

मधुसूदनरावांचे कान तापले. पण त्यांनी शांतपणे फील्डबुक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, “एकविसावी साखळी. काळा खडक आडवा. नाला डावीकडे, काटकोनात. पुढे डोह.”

“खरंय!” बद्रीनाथ उभा राहिला. “त्या खडकावं माही नवी चप्पल तुटली व्हती. आजून ध्यानात हाय.”

सरपंच आवडाबाई इतका वेळ फ्लेक्ससमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या वळल्या. “गप ऱ्हावा समदे. तुमचा परत्येकाचा नाला आपापल्या बांधाजवळून जातोय. ह्या भाऊंचा एकच नाला आसा हाय की कुनाच्याच सोयीचा नाय. म्हंजी त्योच खरा. पैलं वळनावर उकरायचं.”

सभेत हशा पिकला आणि ठराव झाला. मग आवडाबाईंची नजर उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. सर्वेक्षण, मधुसूदन लासूरकर. साखळी, बद्रीनाथ. नकाशा काढणार आणि ट्रेसर, मधुसूदन लासूरकर. सगळं एकाच मापाच्या अक्षरांत. ‘मंजूर’पुढची जागा मोकळी होती. आवडाबाईंनी ग्रामसेवकाचा जाड पेन घेतला आणि तिथं हळूहळू, एकेक अक्षर जुळवत सही केली.

पाचव्या दिवशी सकाळी बद्रीनाथ पहिल्या एसटीनं शहरात आला. तीन मजले चढून धापा टाकत त्यानं एक प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत वाळू होती. काळपट, गार, ओली.

“दोन पुरुस खोलावर वाळू लागली, साहेब. वळनावरच. सांजच्याला खड्ड्यात गुडघाभर पानी झिरपलं. आवडाबाई म्हनल्या, आधी साहेबाला दाखवून या.”

मधुसूदनराव दुसऱ्या एका गावचा नाला काढत बसले होते. तिथलाही निरोप आला होता. त्यांनी पेन ठेवलं, पिशवीत हात घातला आणि वाळू मुठीत दाबली. बोटांच्या फटीतून पाणी मनगटावर ओघळलं. त्यांचे डोळे पिशवीवरून हलेनात. मग भानावर येऊन त्यांनी हात पुसायला समोर होतं ते कापड उचललं.

“अहो, झबलं!” दमयंतीबाई ओरडल्या.

“असू द्या,” मधुसूदनराव हात पुसतच म्हणाले. “नाला तुम्ही धुऊन टाकला होता. आता जागच्या जागी आला.”

बद्रीनाथ चहा पिऊन निघाला. झबलं त्या दिवशी धुवायला पडलं नाही, पुढंही पडलं नाही.